विश्लेषण : हॅम रेडिओचे चिमुकले उपग्रह शस्त्रांच्या यादीत कसे पोहोचले?

पुण्याच्या सीओईपी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बांधलेला ‘स्वयम्’ हा उपग्रह अवघा ९९० ग्रॅमचा होता. त्यावर ना कॅमेरा होता, ना कोणते गुप्त यंत्र. जगभरच्या हौशी रेडिओचालकांना एकमेकांना छोटे संदेश पाठवता यावेत, एवढेच त्याचे काम. तरीही अशा उपग्रहाचा आराखडा, त्यातले काही सुटे भाग आणि कधीकधी तर त्याविषयीची चर्चाही अनेक देशांच्या कायद्याने ‘नियंत्रित वस्तू’ ठरू शकते. अमेरिकेत तर तब्बल १५ वर्षे असे उपग्रह रणगाडे आणि तोफांच्या यादीत बसवलेले होते. हे का घडले, त्याचा फटका कोणाला बसला आणि भारताने त्यातून काय शिकावे, याचा हा आढावा.

हौशी उपग्रह म्हणजे नेमके काय?

सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवणारे आणि कोणताही आर्थिक लाभ न घेता रेडिओ संपर्क साधणारे लोक म्हणजे हौशी रेडिओचालक, अर्थात ‘हॅम’. पूर, भूकंप, चक्रीवादळात मोबाइलचे मनोरे कोसळतात, तेव्हा याच मंडळींचे संच कामी येतात. भारतात हा परवाना केंद्रीय दूरसंचार खात्याच्या बिनतारी शाखेकडून मिळतो.

या मंडळींनी अवकाशात पाऊल टाकले ते अंतराळयुगाच्या आरंभीच. ‘स्पुटनिक’नंतर चारच वर्षांनी, १२ डिसेंबर १९६१ रोजी कॅलिफोर्नियातील हौशी गटाने बांधलेला ‘ऑस्कर-१’ अमेरिकी हवाई दलाच्या अग्निबाणावरून गेला. मुख्य उपग्रहाचा तोल साधण्यासाठी जे जादा वजन ठेवावे लागते, त्या जागी हा साडेचार-पाच किलोंचा डबा बसवला होता. त्याने सुमारे तीन आठवडे मोर्स संकेतांत ‘हाय’ एवढाच शब्द पाठवला. २८ देशांतील ५७० हून अधिक रेडिओचालकांनी तो ऐकून नोंदी कळवल्या.

पुढचा टप्पा आणखी बोलका आहे. २३ जानेवारी १९७० रोजी अवकाशात गेलेला ‘ऑस्कर-५’ ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी बांधला होता. उड्डाण मात्र अमेरिकेतून झाले आणि त्यासाठी खटपट केली ती १९६९ मध्ये स्थापन झालेल्या ‘अॅमसॅट’ या स्वयंसेवी संघटनेने. एका देशात बांधायचे, दुसऱ्या देशातून उडवायचे आणि जगभर ऐकायचे, हीच या छंदाची रीत पडली. १९८३ चा ‘ऑस्कर-१०’ जर्मन आणि अमेरिकी हौशींच्या सहकार्यातून झाला आणि युरोपच्या ‘एरियान’ अग्निबाणावरून गेला. कोणी अँटेना पाठवी, कोणी बॅटरी, कोणी रात्री जागून सर्किटचे आराखडे. या देवाणघेवाणीला तेव्हा कोणी ‘निर्यात’ म्हणत नव्हते.

मग हे उपग्रह शस्त्रांच्या यादीत कसे गेले?

याचे मूळ हौशी मंडळींशी संबंध नसलेल्या एका अपघातात आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये चीनच्या शिचांग तळावरून निघालेला ‘लाँग मार्च ३ बी’ अग्निबाण उड्डाणानंतर काही सेकंदांतच डोंगरावर आदळला. त्यावर ‘इंटेलसॅट ७०८’ हा अमेरिकी बनावटीचा उपग्रह होता. अपघाताच्या चौकशीत अमेरिकी उपग्रह कंपन्यांच्या अभियंत्यांनी चिनी तज्ज्ञांना जे सांगितले, त्यातून चीनची क्षेपणास्त्रे सुधारली असा आरोप झाला. अमेरिकेत त्यावरून राजकीय वादळ उठले.

परिणामी अमेरिकी काँग्रेसने कायदा करून सर्व उपग्रह आणि त्यांचे सुटे भाग युद्धसामग्रीच्या यादीत टाकले. १५ मार्च १९९९ पासून त्यांचे परवाने वाणिज्य खात्याकडून परराष्ट्र खात्याकडे गेले. या नियमावलीला ‘आयटार’ म्हणतात. मोठा दळणवळण उपग्रह आणि विद्यार्थ्यांनी बांधलेला घनाकृती डबा असा भेद त्या यादीने केला नाही. उपग्रह तो उपग्रह!

उल्लंघनाची शिक्षाही युद्धसामग्रीला साजेशी आहे. हेतुपुरस्सर नियम मोडल्यास २० वर्षांपर्यंत कैद आणि प्रत्येक गुन्ह्यामागे १० लाख डॉलरपर्यंत दंड. मोठ्या कंपनीकडे यासाठी वकिलांची फौज असते. वर्गणीवर चालणाऱ्या हौशी संघटनेकडे ती कुठून येणार?

‘मानीव निर्यात’ ही काय भानगड आहे?

निर्यात म्हटले की जहाजात चढणारी पेटी डोळ्यांसमोर येते. या कायद्यांतील निर्यातीची व्याख्या त्याहून फार मोठी आहे. ईमेलने पाठवलेला आराखडा ही निर्यात. परदेशातून डाउनलोड करता येईल अशा जागी ठेवलेली नियंत्रित फाइलही निर्यात ठरू शकते. इतकेच नव्हे, तर स्वतःच्याच देशात, स्वतःच्याच प्रयोगशाळेत परदेशी नागरिकाला नियंत्रित माहिती दाखवणे हीसुद्धा निर्यातच.

आपल्याकडच्या गृहनिर्माण संस्थांच्या सभासदांना ‘मानीव अभिहस्तांतरण’ हा शब्द चांगला ठाऊक आहे. प्रत्यक्षात दस्त झाला नसला तरी तो झाला असे कायदा मानतो. ‘मानीव निर्यात’ त्याच जातीची. वस्तू जागची हललेली नसते, पण कायद्याच्या लेखी ती सीमा ओलांडून गेलेली असते.

हे केवळ कागदावर नाही. टेनेसी विद्यापीठातील एका निवृत्त प्राध्यापकाने लष्करी ड्रोनविषयक संशोधनाची माहिती चिनी आणि इराणी विद्यार्थ्यांना उपलब्ध करून दिली. २००८ मध्ये तो दोषी ठरला आणि त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. ते प्रकरण उपग्रहाचे नव्हते आणि तो प्रकल्प लष्कराचाच होता. पण त्यानंतर अमेरिकी विद्यापीठांत प्रत्येक प्रयोगशाळेच्या दारावर कोण आत येतो याची चौकशी अधिक कडक झाली.

मराठी घरांशी याचा थेट संबंध आहे. शिक्षणासाठी अमेरिकेत गेलेला पुण्या-नागपूरचा विद्यार्थी ‘आयटार’च्या भाषेत ‘अमेरिकी व्यक्ती’ नसतो. नागरिक, ग्रीनकार्डधारक आणि आश्रय मिळालेले निर्वासित यांचाच त्यात समावेश होतो. विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला अवकाश प्रकल्पाच्या काही खोल्यांचे दार बंदच राहते. बुद्धी आहे, प्रवेश मिळाला आहे, शुल्कही भरले आहे. पण हातात सोल्डरिंग गन घेता येत नाही.

हौशी चळवळीचे नेमके काय बिघडले?

सगळ्यात मोठे नुकसान दिसणारे नाही. ते न झालेल्या संवादाचे आहे. अमेरिकी आणि जर्मन हौशी संघटना दोन दशके खांद्याला खांदा लावून काम करत होत्या. त्यातला शेवटचा मोठा उपग्रह ‘ऑस्कर-४०’ नोव्हेंबर २००० मध्ये गेला. त्याची जोडणी फ्लोरिडातील ऑर्लँडो येथे आणि उड्डाण दक्षिण अमेरिकेतील कुरू तळावरून झाले. त्यानंतर उंच कक्षेतला असा एकत्रित हौशी उपग्रह झाला नाही. प्रक्षेपणाचा न परवडणारा खर्च हे त्याचे मोठे कारण. पण परदेशी सहकाऱ्यांशी तांत्रिक बोलणेही परवान्याविना धोक्याचे झाल्याचे अमेरिकी संघटनेने उघडपणे मांडले होते.

युरोपीय हौशींनी आपली वाट धरली. ब्रिटन आणि नेदरलँड्समधील हौशींच्या सहकार्याने झालेला ‘फनक्यूब-१’ नोव्हेंबर २०१३ मध्ये रशियातून गेला आणि त्याचे संकेत शाळाशाळांत ऐकले गेले. २०१८ मध्ये कतारच्या ‘एस्हैल-२’ या भूस्थिर उपग्रहावर जर्मन हौशींच्या मदतीने हौशी संदेशांसाठी यंत्रणा बसवली गेली. आज भारतातला हॅम गच्चीवरच्या डिश अँटेनाने ब्राझीलपर्यंत बोलू शकतो, तो त्याच्याच जोरावर. म्हणजे नियमाने ज्ञान थांबले नाही, फक्त अमेरिकेला वळसा घालून गेले. ज्या देशाने नियम केला, तिथल्याच स्वयंसेवकांना त्याचा काच अधिक झाला.

साध्या जीपीएसमध्येही अडचण कशी?

नियंत्रणाचा सर्वात समजण्यासारखा नमुना म्हणजे जीपीएसची चिप. प्रत्येक मोबाइलमध्ये ती असते. पण बहुतेक चिप्समध्ये एक अदृश्य कुलूप असते. सुमारे १८ किलोमीटर उंची आणि सेकंदाला ५१५ मीटर वेग ही जुनी मर्यादा ओलांडली की चिप उत्तर देणे बंद करते. एवढ्या उंचीवर इतक्या वेगाने जाणारी वस्तू क्षेपणास्त्र असू शकते, असा त्यामागचा विचार. क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेच्या यादीत आजही सेकंदाला ६०० मीटरहून अधिक वेगाने उडणाऱ्या वाहनांसाठीचे असे संच नियंत्रित आहेत.

आता विद्यार्थ्यांचा उपग्रह पाहा. पृथ्वीपासून ५०० किलोमीटरवर तो सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या आसपास वेगाने फिरतो. म्हणजे बाजारातली स्वस्त चिप तिथे निरुपयोगी. कुलूप नसलेली हवी, तर विक्रेता विचारतो, तुम्ही कोण, कशासाठी हवी, अंतिम वापर कोणाचा? मग हमीपत्रे, शिक्के, महाविद्यालयाच्या प्राचार्यांची सही आणि महिनोन्‌महिने वाट. दरम्यान प्रकल्पावरचे विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतात. म्हणूनच अनेक छोटे उपग्रह जीपीएसशिवायच उडतात आणि रडारने टिपलेल्या, जाहीर होणाऱ्या कक्षामाहितीवर भागवतात.

हौशी रेडिओचे नियम तर उलटेच सांगतात?

हा या विषयातला खरा पेच आहे. हौशी वाहिनीवरून परदेशी केंद्राशी बोलताना अर्थ लपवण्यासाठी संदेश सांकेतिक करता येत नाही, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचे नियम सांगतात. अपवाद एकच. उपग्रहाला जमिनीवरून दिल्या जाणाऱ्या आज्ञा. कारण भलत्यानेच उपग्रह बंद करू नये. बाकी सारे खुले असले पाहिजे. हौशी लहरींचा समन्वय करणारा आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघही उपग्रहाच्या संकेतांची रचना जाहीर करायला सांगतो, म्हणजे कोणालाही ते उलगडता येतील.

एक नियम म्हणतो, सगळे उघड ठेवा. दुसरा म्हणतो, परदेशी माणसाला दाखवले तर तुरुंग. एकाच टेबलावर बसलेल्या स्वयंसेवकाने कोणता पाळायचा?

या गोंधळातून सुटायची एक वाट कायद्यातच आहे. जी माहिती आधीच जाहीर आहे, कोणालाही मोफत मिळते, ती बहुतेक निर्यात नियमांच्या कक्षेबाहेर असते. अमेरिकेतील ‘ओपन रिसर्च इन्स्टिट्यूट’ या संस्थेने हाच धागा पकडला. हौशी वापरासाठीच्या डिजिटल सूक्ष्मलहरी दळणवळण यंत्रणेचे तिचे काम ‘आयटार’खाली येते का, असे तिने परराष्ट्र खात्यालाच अधिकृतपणे विचारले. ऑगस्ट २०२० मध्ये उत्तर आले, येत नाही. वर्षानुवर्षांच्या भीतीवर एका अर्जाने तोडगा निघाला. पण तो अर्ज कसा लिहायचा हे शिकायलाच एका स्वयंसेवी संस्थेला वकील आणि पैसा लागला, हेही विसरता येत नाही.

२०१४ नंतर परिस्थिती बदलली का?

बरीच बदलली. अमेरिकी उपग्रह उद्योगानेच तक्रार केली की परदेशी ग्राहक पाठ फिरवत आहेत आणि युरोपात ‘आयटारमुक्त’ ही विक्रीची जाहिरात झाली आहे. २०१३ च्या संरक्षण कायद्याने उपग्रहांचा निर्णय पुन्हा अध्यक्षांकडे दिला. नोव्हेंबर २०१४ पासून बहुतेक व्यापारी आणि शैक्षणिक उपग्रह युद्धसामग्रीच्या यादीतून निघून वाणिज्य खात्याच्या नियमावलीत आले. तिथे परवाने मिळणे सोपे आहे आणि जाहीर संशोधनाला मोकळीक अधिक आहे. मात्र नियंत्रण संपलेले नाही. कोणता भाग कोणत्या रकान्यात, हे ठरवण्याची जबाबदारी आजही बांधणाऱ्याचीच आहे.

भारताचा यात अनुभव काय?

भारताने या नियमांचा मार दुसऱ्या बाजूने खाल्ला आहे. १९९२ मध्ये क्रायोजेनिक इंजिनाच्या व्यवहारावरून इस्रोवर अमेरिकी निर्बंध आले. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर इस्रोच्या संस्था अमेरिकी निर्बंधयादीत गेल्या. त्यातल्या उरलेल्या २०११ मध्ये बाहेर आल्या. अमेरिकी सुटे भाग असलेला उपग्रह भारतीय अग्निबाणावर चढवणे हीच मोठी कसरत होती. अमेरिकी उपग्रह व्यापारी तत्त्वावर पीएसएलव्हीवरून प्रथम गेले ते २८ सप्टेंबर २०१५ रोजी. योगायोग असा की त्याच उड्डाणात इंडोनेशियाच्या हौशी रेडिओ संघटनेचे नाव मिरवणारा ‘लापान-ए२’ उपग्रहही होता.

या सगळ्या काळात भारताने हौशींसाठी एक सुरेख काम केले. ५ मे २००५ रोजी इस्रोने ४२.५ किलोंचा ‘हॅमसॅट’ कक्षेत सोडला. त्यावर संदेश परत पाठवणाऱ्या दोन यंत्रणा होत्या. एक भारतीय, दुसरी नेदरलँड्समधील एका अभियांत्रिकी विद्यार्थ्याने बांधलेली. दोन वर्षांसाठी आखलेला हा उपग्रह जुलै २०१४ पर्यंत, म्हणजे नऊ वर्षांहून अधिक काळ जगभरच्या हौशींच्या कामी आला. तो विद्यार्थी अमेरिकी असता, तर तेव्हाच्या नियमांनुसार परराष्ट्र खात्याच्या परवान्याशिवाय ती यंत्रणा त्याला बेंगळुरूला पाठवता आली नसती.

महाराष्ट्रातून २०१६ मध्ये दोन विद्यार्थी उपग्रह गेले. २२ जूनला सीओईपीचा ‘स्वयम्’ आणि २६ सप्टेंबरला आयआयटी मुंबईचा, आयनोस्फिअरमधील इलेक्ट्रॉनची संख्या मोजणारा सुमारे दहा किलोंचा ‘प्रथम’. दोन्ही श्रीहरिकोटाहून गेले, म्हणून उपग्रहाच्या निर्यातीचा प्रश्न आला नाही. उद्या एखाद्या महाविद्यालयाने परदेशी अग्निबाण निवडला, तर तो येईल.

कारण आता भारतही नियंत्रण करणाऱ्यांच्या पंक्तीत आहे. २०१६ मध्ये आपण क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेत आणि २०१७ मध्ये ‘वासेनार’ करारात सामील झालो. त्यातील वस्तू विदेश व्यापार महासंचालनालयाच्या ‘स्कोमेट’ यादीत आल्या आहेत. या यादीतली वस्तू, सॉफ्टवेअर किंवा तंत्रज्ञान परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवणे गुन्हा आहे. ईमेलही त्यातून सुटत नाही. जाहीर झालेले तंत्रज्ञान आणि मूलभूत वैज्ञानिक संशोधन यांना सूट आहे. पण ती सूट आहे हे किती प्राध्यापकांना ठाऊक असते?

नियम नकोतच का?

असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. उपग्रह सोडणारा अग्निबाण आणि अण्वस्त्र वाहणारे क्षेपणास्त्र यांत फरक मुख्यतः माथ्यावर काय ठेवले याचा असतो. किरणोत्सर्गाला दाद न देणाऱ्या चिप्स, दिशा अचूक राखणारी यंत्रणा, उच्च दर्जाचे सांकेतिकीकरण यांचे लष्करी मोल खरे आहे. शेजारी कोण आहेत हे पाहता भारताला ते कोणी शिकवायला नको. ‘हौशी’ हा शिक्का लावून कोणी नको ती वस्तू नको तिथे पोहोचवू शकते, ही शंकाही निराधार नाही.

पण नियंत्रण जितके नेमके, तितके ते परिणामकारक. सगळ्याच उपग्रहांना एका मापाने मोजले की यंत्रणेचा वेळ एक किलोच्या डब्यात जातो आणि खरोखर धोकादायक माल फायलींच्या ढिगाखाली दडतो. अमेरिकेने १५ वर्षांनी आपली यादी दुरुस्त केली, ती उदार होऊन नव्हे, तर नुकसान मोजून.

मग करायचे काय?

भारताने २०२० मध्ये ‘इन-स्पेस’ ही संस्था स्थापन केली आणि २०२३ मध्ये अवकाश धोरण जाहीर केले. खासगी कंपन्यांसाठी दारे उघडली. त्या दारातून महाविद्यालयांना आणि हौशी संघटनांनाही जाता आले पाहिजे. त्यासाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत.

पहिली, सोप्या भाषेतली मार्गदर्शिका. विद्यार्थी उपग्रहातला कोणता भाग ‘स्कोमेट’मध्ये येतो, कोणता येत नाही, जाहीर संशोधनाची सूट कशी लागू होते, हे मराठीसह भारतीय भाषांत चार पानांत सांगता येईल. दुसरी, लहान शैक्षणिक आणि हौशी उपग्रहांसाठी ठरावीक मुदतीत लेखी उत्तर देणारी एकच खिडकी. आज लहरींसाठी एक कार्यालय, प्रक्षेपणासाठी दुसरे आणि निर्यातीसाठी तिसरे अशी पायपीट आहे. तिसरी जबाबदारी महाविद्यालयांची. आराखडे पहिल्या दिवसापासून जाहीर ठेवले, कोणता भाग कुठून आला याची नोंदवही ठेवली, तर पुढच्या तुकडीला अडचण येत नाही आणि कायद्यालाही बोट ठेवायला जागा उरत नाही.

१९६१ मध्ये एका डब्याने ‘हाय’ म्हटले आणि २८ देशांतून उत्तर आले. ते ऐकणाऱ्यांपैकी अनेक जण पुढे अभियंते झाले असतील, तर त्याचे श्रेय कोणत्याही गुप्त फायलीला जात नाही. क्षेपणास्त्रांवर कडी-कुलूप हवेच. पण विद्यार्थ्याच्या टेबलावरच्या सोल्डरिंग गनलाही तेच कुलूप लावले, तर उद्या ज्यांच्या जोरावर आपण अवकाशात जाणार, ती माणसेच तयार होणार नाहीत.